काट्यात दोष नाही

वजनकाट्यांची कंपनी बंद पडली तेव्हा सगळ्यांचंच वाईट झालं, पण तक्रार विभागातल्या काटेकोरांचं जरा जास्त झालं. बाकीच्यांना निदान काहीतरी येत होतं. कुणाला लेथ चालवता यायचा, कुणाला हिशेब. काटेकोरांना एकच गोष्ट यायची आणि तिला बाहेर गिऱ्हाईक नव्हतं. कुणी नादुरुस्त काटा घेऊन आलं, की चूक काट्याची नसून आणणाऱ्याची आहे, हे ते सिद्ध करून द्यायचे. तुमचं टेबल कलतं आहे. तुम्ही पंख्याखाली वजन करता. तुम्ही काट्याकडे तिरपं बघता. आख्ख्या नोकरीत त्यांनी एकाही अर्जावर ‘काट्यात दोष नाही’ याखेरीज दुसरा शेरा मारला नाही. कंपनी का बुडाली हे शोधायला पुढे एक समिती बसली. तिला हे कुणी सांगितलं नाही, आणि काटेकोर स्वतःहून सांगायला जाणार नव्हते.

काटेकोर हे अर्थातच टोपणनाव. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

घर सध्या बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं होतं. मागच्या खोलीत ती पडदे आणि शाळेचे गणवेश शिवायची. काटेकोर बाहेरच्या खोलीत बसून, पडद्यांना इतका खप का असावा याचा विचार करायचे. नोकरी चालून आली नव्हती असं नाही. बायकोच्या भावाचं टायरचं दुकान होतं आणि त्याला गल्ल्यावर बसायला माणूस हवा होता. पण हा धाकटा मेहुणा लग्नापासून त्यांना भावोजी म्हणायचा आणि ते आले की खुर्चीवरून उठून उभा राहायचा. पगार घ्यायला लागल्यावर कुणी कुणासाठी उठायचं, हा प्रश्न काटेकोरांना टायरपेक्षा मोठा वाटला.

दुसरी वाट रस्त्याच्या टोकाला होती. तिथल्या लॉजच्या मालकाला काउंटरवर बसायला कुणीतरी हवं होतं.

“माणूस सरळ आहात, बसाल,” मालक म्हणाला. “पण पाहुणचाराचं प्रमाणपत्र आणा. हल्ली लोक गादीच्या आधी भिंतीवर काय टांगलंय ते बघतात. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो. त्यानंतर माझा भाचा आहेच.”

प्रमाणपत्र घरबसल्या मिळतं, तीन संस्था ते देतात, असं कळलं. घरबसल्या मिळणारी गोष्ट शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, सगळ्यात महाग कोर्स घ्या, स्वस्तातल्या ज्ञानाला व्याज सुटत नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, सगळ्यात स्वस्त घ्या, आत औषध तेच असतं, फरक वेष्टणाचा. बँकवाले म्हणाले, औषधवाल्याचं ऐकू नका, त्याने आयुष्यात कुठे मुक्काम केलाय? औषधवाला म्हणाला, बँकवाल्यांनी आयुष्यात कुणाचं स्वागत केलंय? दोघांचंही म्हणणं खरं होतं, त्यामुळे निर्णय होईना.

शेवटी काटेकोरांनी आपल्या पद्धतीने निवड केली. प्रत्येक कोर्सचे नियम आणि अटी त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. असं करणारे ते बहुधा जगातले पहिलेच. सापडलेल्या चुका त्यांनी तिन्ही संस्थांना कळवल्या. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसरीकडून पापणी लवायच्या आत उत्तर आलं: आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. हे उत्तर यंत्र पाठवतं, असं बायकोने सांगून पाहिलं, पण तोवर पैसे भरून झाले होते.

पहिले पाठ सुरळीत गेले. टॉवेलची घडी, फोनवर बोलण्याची रीत, चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडणं, यांत काटेकोरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाडी अडली ती तक्रार निवारणाच्या पाठाशी. लॅपटॉपच्या पडद्यावर शिकवणाऱ्या मॅडमनी पायऱ्या सांगितल्या. ऐकून घ्यायचं. तक्रार आपल्या तोंडाने परत म्हणायची. मग ‘चूक आमची आहे’ असं म्हणायचं, आणि मग उपाय करायचा.

“चला, मी पाहुणी,” मॅडम म्हणाल्या. “खोलीतली चादर मळकी आहे. बोला.”

“कुठल्या उजेडात बघितलीत?” काटेकोर म्हणाले.

“सर, असं नाही. माझं म्हणणं परत म्हणा आणि चूक कबूल करा.”

“तुमचं म्हणणं आहे की चादर मळकी आहे.”

“छान. पुढे?”

काटेकोरांनी तोंड उघडलं. ‘चूक’ बाहेर आलं. पुढचे दोन शब्द सव्वीस वर्षांच्या सवयीला अडकून राहिले. त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “चूक कुणाची आहे हे आधी तपासावं लागेल.”

मॅडमनी सुस्कारा सोडला. शेवटच्या परीक्षेत हे वाक्य आलं नाही तर प्रमाणपत्र मिळत नाही, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

परीक्षा घरीच द्यायची होती. घरातल्या एका खोलीची हॉटेलची खोली करायची, तिथे खरा पाहुणा दोन रात्री ठेवायचा आणि तिसऱ्या दिवशी अकराच्या आत त्याला रीतसर निरोप द्यायचा. महत्त्वाचे प्रसंग कॅमेऱ्यासमोर घडले पाहिजेत. शेवटी पाहुणा वीसपैकी गुण देणार. पाहुणा त्याच घरात राहणारा नसावा, अशी अट होती, त्यामुळे बायको बाद झाली. आपण बाद झाल्याचं तिला फारसं दुःख झालं नाही.

खोली म्हणजे मागची खोली. तिथे शिलाई मशीन होतं. बायको भाजी आणायला गेली असताना काटेकोरांनी ते एकट्याने गॅलरीत ढकललं. उंबऱ्यावर मशीन अडलं, त्यांनी जोर लावला, आणि ते कुरकुरत पलीकडे आडवं झालं. उभं केल्यावर दिसायला जसंच्या तसं होतं. फक्त चाक फिरत नव्हतं.

बायको आली. तिने चाक फिरवून पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

काटेकोरांनी चष्मा लावला, मशीन वरून खालून तपासलं आणि निकाल दिला. “मशीनमध्ये दोष नाही. तू पायडल मारताना डावा पाय पुढे ठेवतेस. वर्षानुवर्षं एका बाजूला जोर पडला की असं होतं.”

पिशवीतली भाजी तिने ओट्यावर ठेवली, अर्धवट पडदा उचलला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून हाताने शिवायला घेतला. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली. कामं थोडीच असल्यामुळे घर फार शांत झालं, आणि ती शांतता काटेकोरांना खोली सजवायला सोयीची वाटली. माणसाला कधीकधी काय सोयीचं वाटेल, सांगता येत नाही.

आता पाहुणा. बँकवाल्यांनी आधी खोलीत एसी आहे का, ते विचारलं आणि नाही म्हटल्यावर पाठदुखी सांगितली. औषधवाला त्याच पाठदुखीवर गोळ्या द्यायच्या असल्यामुळे दुकान सोडू शकत नव्हता. तेव्हा काटेकोरांना थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे भावोजींची आठवण झाली. ही आठवण ज्या क्षणी झाली त्या क्षणी ते डोक्यावर थंड पाणी ओतून घेते, तर पुढचं टळलं असतं.

भावोजी भूमितीचे निवृत्त शिक्षक. उभ्या हयातीत त्यांनी कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते. नावं ठेवायला घरच्या जावयाला लागतात तेवढी कारणं त्यांना सासुरवाडीच्या उंबऱ्यावरच मिळायची. आत आल्यावर मिळायची ती वरकड.

काटेकोरांनी बहिणीला फोन केला. “ताई, भावोजींना दोन दिवस इकडे पाठवतेस का?”

“आजच पाठवू का?” ताई म्हणाली.

इतक्या तातडीने होकार आला, यातच काय ते समजायला हवं होतं.

काटेकोरांनी तयारीत कसूर ठेवली नाही. बाहेरच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आडवं लावून काउंटर केला. त्यावर घंटी ठेवली. पाहुणे किल्ली घेऊन जातात म्हणून लॉजवाले तिला मोठा ठोकळा बांधतात, हे त्यांना ठाऊक होतं. ठोकळा नव्हता, पण कंपनीने निरोपाला दिलेला वजनांचा संच होता. त्यातलं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन त्यांनी किल्लीला बांधलं. इतकी अचूक किल्ली कुठल्याही हॉटेलात नसेल, याचा त्यांना अभिमान वाटला.

भावोजी आले ते दोन मोठ्या बॅगा घेऊन. दोन रात्रींसाठी दोन बॅगा, हेही काटेकोरांना खटकलं नाही. कॅमेरा चालू होता.

“स्वागत आहे. आपलं ओळखपत्र?” काटेकोर म्हणाले.

“तीस वर्षं मी या घरी येतोय. मी कोण ते तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे, भावोजी. पण कागदावर ठाऊक व्हायला हवं.”

भावोजींनी ओळखपत्र काढलं, काउंटरवर ठेवलं आणि काउंटरकडे निरखून पाहिलं. “हे टेबल समांतर नाही.”

“कशाशी?”

“कशाशीच,” भावोजी म्हणाले आणि वजनासकट किल्ली खिशात टाकून खोलीकडे गेले. त्यांचा लेंगा उजवीकडून एका बोटाने उतरला, तो दोन दिवस तसाच राहिला.

शेरास सव्वाशेर म्हणतात ते काय, हे पुढे दिसलं. परीक्षेला एकच तक्रार लागत होती, पण भावोजींनी हात राखला नाही. ऐकायला काटेकोर दर वेळी कॅमेरा घेऊन हजर.

“या चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांचा नाही,” भावोजी म्हणाले. त्यांनी बॅगेतून कोनमापक काढला. “त्रेचाळीस.”

“आपलं म्हणणं आहे की कोपरा त्रेचाळीस अंशांचा आहे,” काटेकोर म्हणाले. इथवर पाठाप्रमाणे होतं. मग त्यांचा हात आपोआप खिशात गेला आणि त्यांनीही कोनमापक काढला. मोजला तर पंचेचाळीस. दोन्ही कोनमापक एकमेकांवर ठेवून पाहिले, तेव्हा भावोजींच्या कोनमापकाची कड झिजलेली निघाली. काटेकोरांनी ती कॅमेऱ्याला जवळून दाखवली. फार समाधान झालं. मॅडमचा निरोप आला: पुन्हा प्रयत्न करा.

चहा गार होता, म्हणून तक्रार आली. काटेकोरांनी तापमापक बुडवून दाखवला. गरम पाणी उशिरा आलं. काटेकोरांनी घड्याळ दाखवलं. उशी उंच होती. काटेकोरांनी भावोजींची मानच तिरपी असल्याचं आरशात दाखवून दिलं. प्रत्येक वेळी ते जिंकले आणि प्रत्येक वेळी नापास झाले. स्वयंपाकघरात बायको हाताने पडदा शिवत हे सगळं ऐकत होती. मधेच सुई थांबायची आणि परत चालू व्हायची.

तिसरा दिवस उजाडला. महिन्याचा शेवटचा. मॅडम सकाळपासून पडद्यावर थेट बसल्या होत्या. भावोजी अंघोळ, नाश्ता आटोपून खुर्चीत ऐसपैस बसले होते. बॅगा जिथल्या तिथे होत्या.

“भावोजी, निघायची वेळ झाली,” काटेकोर म्हणाले. घरच्या जावयाला असं आजवर त्या घराण्यात कुणी म्हटलं नसेल.

“मी मुक्काम वाढवतोय,” भावोजी म्हणाले. “खोली पुढे कुणाला दिली आहेस का?”

“नाही, पण...”

“मग नियम काय सांगतो?”

नियम सांगत होता की खोली रिकामी असल्यास मुक्काम वाढवता येतो. काटेकोरांनी तो वाचला होता, इतकंच नाही, तर त्यातला स्वल्पविरामही त्यांनीच सुचवला होता. ते गॅलरीत गेले आणि ताईला फोन लावला.

“राहू दे ना जरा,” ताई म्हणाली. मागे रेडिओ चालू होता. ताई रेडिओ ऐकते हे काटेकोरांना नवीन होतं. “अरे, दोन दिवस झाले, माझी पोळी गोल नाही असं कुणी म्हणालं नाही. पाय पसरून बसलेय. आठवडाभर ठेव. तुला काय लागेल ते मी देते.”

काटेकोर मोडक्या मशीनला टेकून उभे राहिले. प्रमाणपत्र गेलं, लॉज गेलं. आता टायरचं दुकान, आणि आपण आल्यावर न उठणारा मेहुणा. आत येऊन त्यांनी भावोजींना हात जोडले. निदान नुसतं दारापर्यंत जा, कॅमेऱ्यापुरतं, आणि परत या.

“खोटं जायचं?” भावोजी म्हणाले. “मी कुणाला एक गुण खोटा दिला नाही, नि तू मला खोटं जायला सांगतोस?”

तेव्हा स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. हातात सुईदोरा तसाच होता.

“भावोजी,” ती म्हणाली, “तुम्ही वीसपैकी गुण देणार. पण दुसरीकडे राहून बघितल्याशिवाय कसे देणार? एकच त्रिकोण हातात असताना तो समरूप आहे, असं म्हणता येतं का?”

भावोजींनी चष्मा काढला. “वहिनी, या घरात इतकं रास्त आजवर कुणी बोललं नव्हतं.”

“रस्त्याच्या टोकाला लॉज आहे. तिथे राहून बघा, मग गुण द्या.”

भावोजी उठले. दोन्ही बॅगा उचलल्या, कॅमेऱ्यासमोरून ताठ चालत गेले, “येतो,” म्हणाले आणि जिना उतरले. काटेकोरांना भरून आलं. त्यांनी बायकोकडे बघितलं, पण ती परत आत गेली होती.

“छान, सर,” पडद्यावरून मॅडम म्हणाल्या. “तक्रारीचं वाक्य राहिलंय, ते शेवटी पाहू. किल्ली दाखवा.”

किल्ली नव्हती. दोन दिवसांत भावोजींना त्या दोनशे ग्रॅमची इतकी सवय झाली होती, की ती खिशातच गेली.

“किल्ली परत आल्याशिवाय मुक्काम संपत नाही,” मॅडम म्हणाल्या.

काटेकोरांनी उघडा लॅपटॉप बगलेत मारला आणि धावत सुटले. मॅडमना वाटेत आधी आकाश दिसलं, मग औषधवाला, मग पुन्हा आकाश. औषधवाला “काय झालं?” म्हणून ओरडला, वरून बँकवाले “कोर्स स्वस्तातला होता,” म्हणाले, पण थांबायला वेळ नव्हता.

लॉजच्या दारातच आवाज ऐकू आला. जिन्यावरच्या पहिल्या खोलीत भावोजी बॅगा न ठेवता उभे होते आणि मालक दाराला टेकून घाम पुसत होता.

“ही चादर पाहा,” भावोजी म्हणत होते. “हा कोपरा पाहा. असल्या खोलीत राहण्यापेक्षा मी आपला परत जातो मेहुण्याकडे.”

“साहेब, बाकी सगळ्यांना चालते,” मालक म्हणाला. भावोजींच्या बाबतीत यापेक्षा वाईट उत्तर नव्हतं. त्यांनी बॅगा घट्ट धरल्या.

काटेकोरांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि चादरीकडे पाहिलं. कोपरा पंचेचाळीस अंशांचा होता. कोनमापकाची गरजच नव्हती, त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. चादर स्वच्छ होती, घडी सरळ होती. आयुष्यभर त्यांनी कलत्या काट्यांची बाजू घेतली, आणि आज खरोखरच निर्दोष वस्तू समोर होती. जिभेवर वाक्य तयार होतं. चादरीत दोष नाही. दाराशी भावोजींचा एक पाय बाहेर पडला होता.

“भावोजी,” काटेकोर म्हणाले. “आपलं म्हणणं आहे की कोपरा बरोबर नाही.”

“नाहीच.”

काटेकोरांनी चादरीचा कोपरा हातात धरला. “चूक आमची आहे,” ते म्हणाले. “मी आत्ता बदलून देतो.”

भावोजींनी बॅगा खाली ठेवल्या.

“काय म्हणालास? परत म्हण.”

“चूक आमची आहे.”

भावोजी हळूच गादीवर बसले. हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले. “इतकी वर्षं मी लोकांच्या चुका काढतोय,” ते म्हणाले. “हो म्हणणारा पहिलाच भेटलास. घरी मी बोललो की सगळे दुसऱ्या खोलीत जातात.” मग त्यांनी कोपऱ्यावरून हात फिरवला. “असू दे. चादर तशी ठीक आहे.”

किल्ली परत मिळाली तेव्हा अकरा वाजायचे होते. भावोजींनी वीसपैकी एकोणीस दिले. किल्लीसकट जाऊ दिलं, याबद्दल एक कापला. मॅडमनी प्रमाणपत्र पाठवते म्हणून सांगितलं आणि मालक काटेकोरांचा हात सोडेना.

“उद्यापासून या,” तो म्हणाला. “उद्या कशाला, आत्ताच बसा. हा पाहुणा तुमचा.”

काटेकोर संध्याकाळी घराकडे निघाले. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, पण चालताना काहीतरी टोचत होतं. जिथे चूक नव्हती तिथे आपण कबूल करून आलो. जिथे होती तिथे काय केलं, हे आठवायला त्यांना रस्ताभरही चालावं लागलं नाही.

बायको जेवणाच्या टेबलाशीच होती. दुसरा पडदा अर्धा झाला होता. बोटाला पट्टी बांधलेली होती, ती काटेकोरांना आजच दिसली. ते गॅलरीतून मशीन उचलून आणायला गेले, एकट्याने उचलेना, म्हणून तसेच परत आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

“तुझं म्हणणं आहे की मशीन मी पाडलं,” ते म्हणाले.

“मी कुठे काय म्हणाले?”

“चूक आमची आहे.”

बायकोने सुई थांबवली. “आमची म्हणजे कुणाकुणाची?”

काटेकोरांनी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“माझी,” ते म्हणाले.

“कॅमेरा चालू आहे का?”

“नाही.”

मग तिने दातांनी दोरा तोडला, पडदा बाजूला ठेवला आणि उठली. “एका बाजूने मी धरते,” ती म्हणाली. “पहिल्या पगारात चाक दुरुस्त करून आणा. आणि मशीन होतं तिथेच, मागच्या खोलीत ठेवा. भावोजींनी विचारलं तर सांगा, खोली भरली आहे.”